जास्त लेगरूमच्या सीट आता कुणालाही विकत मिळतात, मग गोल्ड कार्ड असलेल्या प्रवाशाने एकाच विमान कंपनीला धरून का राहावं?

तुम्ही लिहिलंय की कामासाठी सतत उडता, सतत उडण्याबद्दल मिळणारं एका कंपनीचं गोल्ड कार्ड आहे, पूर्वी काउंटरवर कार्ड दाखवलं की इमर्जन्सी एक्झिटजवळची ऐसपैस सीट मिळायची, आणि आता वेब चेक-इन उघडेपर्यंत ती विकली गेलेली असते. पैसे भरावेत का, की कंपनी बदलावी, असं विचारलंय.

तुमचा तोटा झालाय. मनाचे खेळ नाहीत ते. मी इंदूरला राहते आणि पीथमपूरच्या एका कारखान्याचा ट्रॅव्हल डेस्क सांभाळते. मशिनं बसवायला आणि दुरुस्तीला जाणाऱ्या आमच्या इंजिनियर लोकांची तिकिटं माझ्या हातून निघतात, त्यामुळे तुमच्यासारख्यांची ही तक्रार मला रोज ऐकू येते. ती रास्त आहे असं माझं ठाम मत आहे.

हे सुरू कसं झालं ते बघा. अमेरिकेत युनायटेडने 1999 साली इकॉनॉमीच्या पुढच्या ओळींत पाय ठेवायला पाच इंचांपर्यंत जास्त जागा दिली आणि त्याला इकॉनॉमी प्लस नाव दिलं. तेव्हा ती जागा होती मुळात नेहमीच्या आणि पूर्ण भाडं भरणाऱ्या प्रवाशांसाठी. पुढच्याच वर्षी अमेरिकन एअरलाइन्सने त्याहून मोठं पाऊल टाकलं: अख्ख्या इकॉनॉमीतल्या सीट कमी करून सगळ्यांनाच जास्त जागा दिली. लोकांना आवडली, पण तिकीट घेताना लोक दोन पैसे स्वस्त असेल तिकडेच गेले, आणि 2003 पासून कंपनीने काढलेल्या सीट परत बसवायला सुरुवात केली. यातून सगळ्या विमान कंपन्यांनी एकच धडा घेतला. जागा सगळ्यांना दिली तर तिचे पैसे येत नाहीत, वेगळी काढून विकली तर येतात. डेल्टाने 2011 मध्ये आणि अमेरिकनने 2012 मध्ये तशा वेगळ्या ओळी विकायला काढल्या.

एकदा जागेला भाव आला की कार्डवाल्याला फुकट दिलेली प्रत्येक सीट कंपनीच्या वहीत नुकसान म्हणून दिसायला लागते. युनायटेडने 2012 मध्ये हेच केलं. कॉन्टिनेंटल या दुसऱ्या अमेरिकी कंपनीबरोबरच्या विलीनीकरणानंतर दोघींचे नेहमीच्या प्रवाशांना कार्ड आणि पॉइंट देणारे कार्यक्रम एक झाले, आणि गोल्डच्या खालच्या सिल्व्हर कार्डवाल्यांना तिकीट काढतानाच मिळणारी इकॉनॉमी प्लसची सीट फक्त चेक-इनच्या वेळी, उरली तर, अशी झाली. कागदावर सवलत कायम, हातात येणारी गोष्ट गायब. तुमच्या कार्डाचं बहुधा हेच झालंय. पुढे 2015-16 मध्ये अमेरिकेतल्या या तिन्ही मोठ्या कंपन्यांनी पॉइंट किती मैल उडलात यावर न देता किती पैसे भरलेत यावर द्यायला सुरुवात केली. वर्षभर मधल्या सीटवर बसून उडणाऱ्यापेक्षा दोनदा महाग तिकीट घेणारा मोठा ठरू लागला.

आपल्याकडे डीजीसीएने, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याने, 2013 मध्ये पसंतीच्या सीटसारख्या सेवांचे वेगळे पैसे घ्यायला परवानगी दिली. शिवाय इंडिगो 2006 मध्ये सुरू झाली आणि तिने पॉइंटचा कार्यक्रम आणला थेट 2024 मध्ये. मधली अठरा वर्षं कुठलंही गोल्ड-सिल्व्हर न देता ती देशातली सगळ्यात मोठी कंपनी झाली. वेळ आणि भाडं जुळलं की भारतीय प्रवासी येतोच, हे तिथेच सिद्ध झालं. इंदूरहून तर प्रश्नच मिटतो. सकाळी जाऊन संध्याकाळी परत यायचं असेल तर वेळा पाहूनच विमान ठरतं.

मला सगळ्यात जास्त खटकतं ते एक्झिटच्या ओळीचं. तिथली मोकळी जागा संकटाच्या वेळी लोकांना पटकन बाहेर पडता यावं म्हणून सुरक्षेच्या नियमानेच सोडावी लागते. कंपनीने तुमच्यासाठी काही जास्त केलेलं नसतं. उलट बाकीच्या विमानात जागा आवळलेली असते: इंडिगोच्या बऱ्याच ए320 निओंमध्ये 180 ऐवजी 186 सीट आहेत, म्हणजे तेवढ्याच लांबीत तीसऐवजी एकतीस ओळी. सीटची पाठ पातळ केली, मागची टॉयलेटं दाबून बसवली आणि एक ओळ वाढवली. एकीकडे गुडघे समोरच्या सीटला टेकवायचे आणि दुसरीकडे नियमाने सोडलेली जागा भाव लावून विकायची, हे मला पटत नाही. आणि गुडघ्याच्या ऑपरेशननंतर पाय लांब ठेवावा लागणाऱ्या माणसाला ती एक्झिटची सीट पैसे देऊनही घेता येत नाही, कारण तिथे बसणाऱ्याला दार उघडता आलं पाहिजे.

पण विकण्यालाच माझा विरोध नाही, हेही सांगते. माझी मावशी आयुष्यात फार थोड्या वेळा विमानात बसली. बंगळूरला मुलीकडे जाताना तिच्यासाठी पहिल्या ओळीतली सीट विकत घेतली आणि तिचा प्रवास सुखाचा झाला. जुन्या पद्धतीत तिला ती कुणी दिली नसती, कारण तिच्याकडे कुठलं कार्ड नाही. एकदाच उडणाऱ्या माणसालाही पाय असतात. माझं म्हणणं एवढंच की पहिला हक्क जुन्या माणसाचा असावा. आमच्या एम. टी. क्लॉथ मार्केटमधला व्यापारी वर्षानुवर्षांच्या गिऱ्हाइकासाठी चांगलं ठाण दोन दिवस बाजूला ठेवतो, नाही आलं तर विकतो. विमान कंपन्यांनाही हे जमण्यासारखं आहे: दोन-चार सीट प्रवासाच्या आदल्या दिवसापर्यंत कार्डवाल्यांसाठी राखायच्या, मग विकायच्या. वर्षभर तुम्ही कार्डासाठी गैरसोयीच्या वेळा पत्करल्यात, त्या वर्षाच्या मध्यात नियम बदलणं हा अन्याय आहे.

आता तुम्ही काय करावं. तुमच्या कार्डाच्या नियमांत फक्त एक गोष्ट शोधा: जास्त जागेची सीट तिकीट काढतानाच मिळते की चेक-इनला. चेक-इनला असेल तर ती नाहीच असं धरून चाला आणि कार्डासाठी एक रुपयाही जास्त भाडं देऊ नका. पॉइंट साठवून ठेवू नका, वापरून टाका. जेट एअरवेजची विमानं 17 एप्रिल 2019 ला थांबली तेव्हा साठवणाऱ्यांचे चेहरे मी पाहिलेत. पॉइंटचा कार्यक्रम वेगळ्या कंपनीचा असल्यामुळे पॉइंट शिल्लक राहिले, पण ज्या विमानांसाठी जमवले होते ती विमानंच उरली नाहीत.

इंदूर-मुंबईसाठी मी कुणालाच जास्त पैसे भरायला सांगत नाही, सव्वा तासाचं अंतर ते. दिल्लीहून पुढे परदेशी जाणार असाल किंवा उंची सहा फुटांच्या आसपास असेल तर जरूर भरा. घेताना सीट मॅप नीट बघा. पहिल्या ओळीत समोर भिंत असते, बॅग पायाशी ठेवता येत नाही आणि हात टेकायचा दांडा वर होत नाही. एक्झिटच्या दोन ओळींपैकी पुढच्या ओळीची पाठ बहुतेक विमानांत मागे जात नाही. एटीआर, म्हणजे पंख्याचं छोटं विमान, असेल तर चढ-उतार मागच्या दारातून होते, त्यामुळे लवकर उतरायला म्हणून पुढच्या ओळीचे पैसे देऊ नका.

तुमचं तिकीट कंपनी काढत असेल तर एचआरशी बोला. आमच्याकडे सीटचा खर्च मंजूर होत नसे. मी उंच आणि पाठदुखीच्या लोकांची यादी घेऊन साहेबांकडे गेले, लांबच्या प्रवासाचं गणित मांडलं, आणि आता त्या लोकांना तो खर्च मिळतो. आणि विमान बदलून तुमची विकत घेतलेली सीट गेली तर गप्प बसू नका. सीटचे पैसे परत मागावे लागतात, बरेचदा आपोआप येत नाहीत. बोर्डिंग पास आणि सीटची पावती दोन्ही जपून ठेवा, आणि पैसे परत करायची विनंती फोनवर न करता लेखी करा.