घरी चॉकलेट करताय? आधी कोरडं फडकं घ्या

तुमचं चॉकलेट वितळता वितळता रवाळ गोळा झालं, म्हणजे त्यात पाणी गेलं. एक थेंबही पुरतो. साखर आणि कोकोचे कण तो पिऊन एकमेकांना चिकटतात. डबल बॉयलरमध्ये (खाली गरम पाण्याचं भांडं, त्यावर चॉकलेटचं) वरच्या भांड्याचा तळ पाण्याला टेकू देऊ नका, झाकण ठेवू नका, चमचा-साचे खडखडीत पुसा. तो गोळा टाकू नका हं, गरम दुधात घालून पिऊन टाका. तसंही १८४७ साली ब्रिस्टलच्या फ्राय कंपनीने वडी पाडेपर्यंत चॉकलेट ही मुख्यतः प्यायचीच गोष्ट होती!

सुरुवात कंपाउंड चॉकलेटने करा. त्यात कोको बटरऐवजी (म्हणजे कोकोच्या बियांतल्या चरबीऐवजी) वनस्पती तूप असतं. चव जरा मेणचट, पण टेम्परिंगशिवाय, म्हणजे चॉकलेट ठरावीक तापमानांना गरम-थंड करत बसल्याशिवाय, सेट होतं.

आणखी दोन चुका सगळेच करतात:

- मोठी आच. पाऊण चॉकलेट वितळलं की गॅस बंद. उरलेलं ढवळता ढवळता वितळतं.
- साचा फ्रीजरमध्ये. साध्या फ्रीजमध्ये दहा-पंधरा मिनिटं ठेवा. सुटलं नाही तर अजून पाच. सुरीने उकरू नका.

टेम्परिंगचं दोन-चार बॅच जमल्यावर विचारा.