थायरॉइड, धाप आणि इकोचा रिपोर्ट

प्रश्न : पत्नीचे वय 56. हाशिमोटोचा थायरॉइड आहे, टीएसएच (थायरॉइड कमी पडले की वाढणारे संप्रेरक) 14, थायरॉक्सिनची गोळी 50 मायक्रोग्रॅमची. दोन मजले चढले की धाप लागते म्हणून इको (हृदयाची सोनोग्राफी) केला. त्यात 'ईएफ 60 टक्के, ग्रेड 1 डायस्टोलिक डिसफंक्शन' असे लिहिले आहे. हृदय निकामी होतेय का? गोळी थेट 100 ची करावी का?
– एक वाचक, नंदनवन, नागपूर

उत्तर : ईएफ 60 म्हणजे हृदय आकुंचन नीट पावते. अडचण आहे ती सैल पडण्यात, यालाच डायस्टोलिक डिसफंक्शन म्हणतात. प्रत्येक ठोक्यानंतर स्नायूपेशीतले कॅल्शियम परत पेशीतल्याच साठ्यात खेचावे लागते. हे खेचणारा पंप पुरेसा तयार व्हायला टी-3 (थायरॉइडचे संप्रेरक) लागते. हाशिमोटोत प्रतिकारशक्तीच ग्रंथी पोखरते, टी-3 कमी पडते आणि डावा कप्पा सावकाश सैल होतो. बसल्या जागी ते खपून जाते. जिन्यावर ठोके वाढले की कप्पा भरायला वेळ पुरत नाही. त्यात रक्तवाहिन्या आवळतात, खालचे बीपी आणि एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) चढते.

तरी सगळे खापर थायरॉइडवर फोडू नका. ग्रेड 1 हा शेरा पन्नाशी-साठीतल्या, विशेषतः बीपी-शुगरवाल्या कितीतरी जणांच्या रिपोर्टात सापडतो. हिमोग्लोबिन, शुगर, ईसीजी बघाच. दोष थायरॉइडचा असेल, तर डोस बसल्यावर काही महिन्यांत तो बरेचदा सुधारतो.

गोळी मनाने दुप्पट करू नका. थायरॉक्सिन वाढले की हृदयाची ऑक्सिजनची मागणी वाढते आणि धमनीत छुपा अडथळा असेल तर छाती दुखायला लागते. अशा वेळी डॉक्टर साधारण 12.5 ते 25 मायक्रोग्रॅमनेच चढतात आणि 6 ते 8 आठवड्यांनी टीएसएच बघतात. घाईने आधीच तपासलात तर आकडा फसवा येतो. डोस जास्त होऊन टीएसएच 0.1 च्या खाली गेला, तर ठोके अनियमित होण्याचा (एट्रियल फिब्रिलेशन) आणि हाडे ठिसूळ होण्याचा धोका. अँटी-टीपीओ (हाशिमोटोच्या अँटिबॉडीची तपासणी) पुन्हा पुन्हा करू नका, डोस त्यावर ठरत नाही.

डोस वाढवण्याआधी गोळी घेतात कशी ते बघा. सकाळी उपाशीपोटी साध्या पाण्यासोबत; चहा अर्ध्या ते एक तासाने, तर्री-पोहे त्यानंतर. ही गोळी आणि लोह-कॅल्शियमच्या गोळ्या यांत 4 तासांचे अंतर हवे. केसांसाठी बायोटिन (एक जीवनसत्त्व) चालू असेल तर रक्त देण्याआधी 2 दिवस बंद, नाहीतर रिपोर्ट चुकतो.

रात्री गुदमरून जाग येणे, पायांवर सूज, अनियमित धडधड, यातले काही दिसले तर त्याच दिवशी दाखवा. छातीत दुखले तर थेट इमर्जन्सीत.

प्रश्न : उन्हाळ्यात थायरॉइडच्या गोळ्यांची बाटली कुठे ठेवावी? – एक वाचक, महाल

उत्तर : थायरॉक्सिनला उष्णता, उजेड आणि ओल तिन्ही बाधतात. नवतप्यात गाडीत किंवा फ्रिजच्या माथ्यावर ठेवू नका, कूलरच्या झोतातही नको. लेबलवरचे तापमान वाचा आणि आतल्या खोलीतल्या बंद कपाटात, मूळ बाटलीत, झाकण घट्ट लावून ठेवा.