तुऱ्यावरच्या खपल्या

प्रश्न : आमच्या गावरान कोंबडीच्या तुऱ्यावर काळ्या खपल्या आल्यात. एक डोळा चिकटला, दाणा टिपत नाही. सासूबाई म्हणतात, खपल्या काढून हळद भर. काढू का?
– एक वाचक, यवतमाळ जिल्हा

उत्तर : नका काढू, ताई. ह्या देवी दिसतात. विषाणूचा आजार, डास पसरवतात, अन् खपलीतही रोग असतोच. मीही एकदा नखानं खपली ओढली होती. रक्त आलं, पुढं तीन पिलांना लागण झाली.

अशी कोंबडी बहुतेक उपासानंच जाते. दिसत नाही, तर टिपणार काय? उकळून कोमट केलेल्या पाण्यात चिमूटभर मीठ टाका, कापसाचा बोळा डोळ्यावर धरून ठेवा. चिकटलेलं हळूहळू सुटतं. मग कणकीचा मऊ भात वाटीत घेऊन चोच अलगद टेकवा. चव लागली की स्वतःच खाते. डालं वेगळं ठेवा. हळद खोबरेल तेलात कालवून वरून लावा, सासूबाईंचंही मन राहील. 3-4 आठवड्यांत खपल्या गळतात.

तोंडात पिवळट थर किंवा धाप दिसली, तर थेट पशुवैद्यकीय दवाखाना. निरोगी कोंबड्यांना देवीची लस टोचून घ्या, पंखाच्या पडद्यात देतात. आणि डास वाढू नयेत म्हणून न्हाणीमागं डबकं असेल, तर ते आजच बुजवा.