वीस क्रेडिट्स कमी पडतायत, म्हणून शाळा सोडू नका

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलगा अकरावीत आहे. गेल्या वर्षी आजारपणात त्याची बरीच शाळा बुडाली. अकरावी संपेल तेव्हा त्याची जेमतेम ६५ क्रेडिट्स (विषय पूर्ण केल्यावर मिळणारे गुणांक) होतील. शाळा सोडून जीईडी, म्हणजे हायस्कूलच्या बरोबरीची परीक्षा, द्यावी असं तो म्हणतो. सासूबाई म्हणतात, पुण्याला पाठवा, सतरा नंबरचा फॉर्म भरून बारावी करेल. काय करावं?
— एक आई

उत्तर : ताई, आधी वही-पेन घ्या. हायस्कूल पूर्ण करायला राज्याची अट १२० क्रेडिट्सची. बारावीत साधारण ३५ मिळतील असं धरलं, तर शंभर होतात. म्हणजे खड्डा वीसचा. एवढ्यासाठी देश बदलायचा? सतरा नंबर बाजूलाच ठेवा.

जीईडी वाईट नाही, पण त्यासाठी शाळेतून नाव काढावं लागतं आणि शाळेचं पाठबळ तुटतं. ती शेवटची पायरी समजा.

न्यू जर्सीच्या नियमांत एक वाट आहे, तिला तिकडे 'ऑप्शन टू' म्हणतात. वर्गात ठरावीक तास न बसताही क्रेडिट मिळू शकतं : ऑनलाइन कोर्स, कॉलेजचा एखादा विषय, इंटर्नशिप, स्वतंत्र अभ्यास. मात्र यातलं काय आणि कसं मान्य करायचं हे प्रत्येक डिस्ट्रिक्ट (गावातल्या सरकारी शाळांचा कारभार पाहणारी यंत्रणा) ठरवतं. एका गावात सहज होणारं काम शेजारच्या गावात अडतं ते यामुळेच.

आता वीसचा हिशेब. राहिलेल्या दोन विषयांची समर स्कूल, दहा. कॉलेजचा एक विषय किंवा इंटर्नशिप, पाच. उरलेली पाच कदाचित तुमच्या स्वयंपाकघरातच आहेत! परभाषेची पाच क्रेडिट्स वर्गात न बसता, भाषा येते हे सिद्ध करूनही मिळतात. त्याने परभाषा अजून घेतली नसेल, तर मराठीची परीक्षा चालेल का, हे नक्की विचारा. घरी मराठी बोलल्याचं चीज होईल. (वाचता-लिहिता येतं ना? तिथेच बरीच मुलं अडतात.)

हायस्कूल पास होण्यासाठीची राज्याची एनजेजीपीए परीक्षाही याच वर्षी, अकरावीत असते. त्यात ७२५ च्या खाली गुण आले तरी घाबरू नका. एसएटीसारख्या कॉलेज-प्रवेशाच्या परीक्षेचे गुण चालतात, आणि तेही जमलं नाही तर त्याच्या कामाचा पोर्टफोलिओ सादर करता येतो.

एवढं करूनही वर्षभरात नाहीच जमलं, तर हायस्कूलच्या चार वर्षांनंतर पाचवं वर्ष आहे. वीस वर्षांचा होईपर्यंत मोफत सरकारी शाळेवर त्याचा हक्क आहे. नातेवाइकांना काय सांगायचं ते नंतर बघू.

याच आठवड्यात गाइडन्स काउन्सेलरची वेळ घ्या. ट्रान्सक्रिप्ट (आतापर्यंतचे विषय आणि क्रेडिट्स यांची नोंद) समोर ठेवून कोणतं क्रेडिट कुठून येणार, याचा लेखी आराखडा मागा. मुलाला बरोबर न्या, बोलू त्यालाच द्या. काउन्सेलर 'आमच्याकडे असं नसतं' म्हणाले, तर डिस्ट्रिक्टचं ऑप्शन टूचं धोरण लेखी मागा. तरी नाही जमलं तर प्रिन्सिपलकडे जा, मग डिस्ट्रिक्टच्या प्रमुखाकडे, म्हणजे सुपरिंटेंडंटकडे. आणि मंजुरी कोर्स सुरू होण्याआधी हातात हवी. आधी शिकून मग कागद नेला, तर ते क्रेडिट धरायचं की नाही हे त्यांच्या मर्जीवर राहतं.