नोकरी, दोन मुलं आणि घर सांभाळून गोधडी-शिवणकामाला वेळ कसा काढता?

ताई, लेकीसाठी दोन वर्षांपूर्वी सुरू केलेली गोधडी कपाटात अर्धवट पडलीय, मशीन दिवाणात गेलंय आणि नवरा म्हणतो तयार विकत मिळते की, असं तुम्ही लिहिलंय. गोधडीचं नंतर बघू, मला ते दिवाणात गेलेलं मशीन टोचलं.

वेळ कुणालाच मिळत नाही. मी पतसंस्थेत काउंटरला आहे, दहा ते साडेपाच, मार्चएंडला आठ वाजतात, दोन मुलं आहेत, तरी गेल्या काही वर्षांत सात वाकळी झाल्या (आमच्याकडं सांगलीला गोधडीला वाकळच म्हणतात), लेकीचे बरेचसे फ्रॉक आणि माझे सगळे ब्लाउज घरातच शिवलेत. हे काही टाइमटेबल लावून झालेलं नाही. मशीन घरात कुठल्या जागी उभं आहे त्यावरनं झालंय, आणि ती जागा मला कशी मिळाली तेच सांगते.

आम्ही गावभागात, म्हणजे सांगलीच्या नदीकाठच्या जुन्या वस्तीत राहतो, खाली आम्ही, वर दीर. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा आणि ४५ ला धोका, हे इथं लहान पोराला पण पाठ असतं. २००५ च्या पुरात आमच्या घरात गुडघाभर पाणी आलेलं, म्हणून २०१९ च्या ऑगस्टमध्ये पण सगळ्यांनी तोच हिशोब धरला, की गुडघाभर, फार तर कंबरभर येईल. त्या रात्री सामान वर न्यायला जेमतेम दीड तास मिळाला. टीव्ही वर गेला, फ्रिज वर गेला, वॉशिंग मशीन गेलं, मिक्सर गेला, सोफ्याच्या गाद्या सुद्धा गेल्या. मी सासूबाईंना धरून वर नेलं, मुलांची दप्तरं आणि कागदपत्रांची पिशवी नेली आणि खाली येऊन नवऱ्याला म्हटलं माझं मशीन. माझं म्हणजे आईनं लग्नात दिलेलं पायाचं मशीन. अख्खा लोखंडी स्टँड न्यायचा नव्हता हो, पट्टा काढायचा, मागचे दोन स्क्रू सैल केले की वरचं हेड उचलून हातात येतं, दोन मिनिटांचं काम. तो म्हणाला, "ते कुठं रोज लागतंय, राहू दे."

एवढंच वाक्य. भांडायला तेव्हा वेळ नव्हता आणि दारातून पाणी आत यायला लागलेलं.

पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आमच्या घरात माणूसभर. आम्ही दुसऱ्या दिवशी बोटीनं बाहेर पडलो आणि मिरजेला नातेवाइकांकडं राहिलो, आठवड्यानं परत आलो तेव्हा खाली घोट्याएवढा चिखल आणि तो वास, तो वास ज्यानं घेतलाय त्यालाच कळेल. टीव्ही वर नीट होता. मशीनचा लाकडी फळा फुगून त्याचे पापुद्रे सुटलेले, चाक हलत नव्हतं, शटलमध्ये, म्हणजे खाली बॉबिन बसते तिथं, चिखल वाळून दगड झालेला.

त्या चिखलात उभी राहून मी त्या वाक्याचा खूप विचार केला. आणि खरं सांगते, तो खोटं बोलला नव्हता. पुराच्या आधी चार महिने मी मशीन उघडलंच नव्हतं. ते बेडरूमच्या दाराआड झाकून ठेवलेलं, वर इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग. घरातल्या कुणी मला त्याच्यावर बसलेलं बघितलंच नाही तर ते लागणारी वस्तू आहे हे त्यांना कुठनं कळणार? त्याची चूक होतीच, मी आजही म्हणते, दोन मिनिटं द्यायला हवी होती. पण मशीन दाराआड मीच जाऊ दिलं होतं, पाहुणे येतात, बरं दिसत नाही, एवढ्यासाठी.

हेड मीच उघडलं. नळाच्या पाण्यानं चिखल काढला, रॉकेल मिळेना म्हणून डिझेलमध्ये ब्रश बुडवून तीन दिवस घासलं, मग तेल. बॉबिन केस नवीन, पट्टा नवीन, सुताराकडनं फळा नवीन. चाक फिरलं त्या दिवशी मी ते हॉलमध्ये खिडकीखाली लावलं आणि सांगितलं की आता हे इथनं हलणार नाही. नणंद दिवाळीला आली तेव्हा म्हणाली हॉलची शोभा गेली. जाऊ दे शोभा.

पुरानंतर मदतीच्या ट्रकांमधून जुने कपडे इतके आले की रस्त्याकडेला त्याचे ढीग पडून राहिले. लोकांना लागत होत्या सतरंज्या, भांडी, कोरड्या चादरी. त्या ढिगातून मी शोधून शोधून अकरा सुती साड्या आणल्या, गरम पाण्यातून काढून कडक उन्हात वाळवल्या आणि पहिली वाकळ घातली. सप्टेंबरात सुरू केली, डिसेंबरात झाली. आमच्या जुन्या वाकळी, सासूबाईंच्या हातच्या, सगळ्या चिखलानं कुजून टाकून द्याव्या लागल्या होत्या, त्यामुळं ती वाकळ सासूबाईंनी पहिल्यांदा अंगावर घेतली तेव्हा त्या बराच वेळ टाक्यांवरनं हात फिरवत बसल्या. त्यानंतर घरात मला कुणी "काय चिंध्या घेऊन बसलीस" म्हटलं नाही.

आता तुमचं. पाचवारी साडी भरते साधारण साडेपाच मीटर, तिची तिघडी केली की सहा फूट लांबी मिळते, वरून एक चादर टाकली की चार थर, एका माणसाला पुष्कळ. नऊवारी मिळालं तर सोनंच, ३२४ इंच असतं, चौघडी केली की पावणेसात फूट. सिंथेटिक साडी आत घालू नका, थर सरकतात आणि घाम येतो. एकेक इंचावर ओळी घेतल्या तर सहा फुटी वाकळीला ८० मीटरच्या वर धावदोरा लागतो. माझा हात वीस मिनिटांत मीटर-दीड मीटर जातो, म्हणजे रोज वीस मिनिटं धरली तर दोन ते पावणेतीन महिने. तुमची दोन वर्षं अडकलीय ती कामामुळं नाही, ती कपाटात आहे म्हणून. गुंडाळी करून सोफ्याच्या हातावर ठेवा, सुई ओवूनच ठेवा, आणि ओळ संपवून उठू नका, अर्ध्यात उठा. दुसऱ्या दिवशी कुठनं सुरू करू हा विचारच करावा लागत नाही.

मशीनचं काम वेगळं. कणीक मळून झाकली की वीस मिनिटं मिळतात, तेवढ्यात दोन सरळ शिवणी होतात. फक्त कापाकापी मात्र रविवारीच करा, जमिनीवर पसरून, मुलं घरात नसताना. पहाटे पाचला उठून शिवा असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, अर्धवट झोपेत माझा दीड मीटर खण वाया गेलाय. माझ्या आजीच्या गावी वाळव्याकडं उन्हाळ्यात शेताची कामं संपली की चार बाजूंना चार बायका बसून वाकळ घालायच्या, एकटीनं अख्खी ओढायची पद्धतच नव्हती. म्हणून लेकीला एक कोपरा द्या, टाके वाकडे आले तर येऊ द्यात.

आणि घरात याला "माझा छंद" म्हणू नका. छंद म्हटलं की सगळ्यांचं झाल्यावर उरलं तर, असा अर्थ निघतो. "मी शिवायला बसतेय" एवढंच म्हणायचं, जसं आपण स्वयंपाकाला लागतेय म्हणतो. नवरा विकत आण म्हणाला तर विचारा की तो क्रिकेट मोबाईलवर बघू शकतो तर एवढा मोठा टीव्ही कशाला घेतला.

हे मात्र सांगायला हवं की माझ्या सासूबाई संध्याकाळची भाजी बघतात, त्या नसत्या तर सात वाकळींच्या जागी तीनच झाल्या असत्या. माझी मुलं आता मोठी आहेत. तुमचं धाकटं रांगत असेल तर मशीन उघडं ठेवू नका, टाचण्या तर अजिबात नकोत, हातशिवणच करा आणि उठताना सुई डबीत टाका. सुई अर्ध्या ओळीत ठेवायचं मी वर लिहिलंय ते मुलं कळती झाल्यावरचं. मान दुखायला लागली तर थांबा, मी थांबले नाही आणि महिनाभर शेकत बसले.

२०२१ च्या जुलैत परत पाणी वाढलं. ४० फूट झाल्याचं कळलं तशी मी ऑफिसातनं येऊन स्क्रूड्रायव्हर घेऊन बसणार, तर पट्टा आधीच काढलेला होता आणि नवरा मागचे स्क्रू सैल करत होता. मी काही बोलले नाही, दुसऱ्या बाजूनं हेड धरलं. टीव्ही त्यानंतर वर गेला.