‘गिरणगाव’मधली ‘ई’ कुठे गेली, आणि ‘गाव’ कुठून आलं?

प्रश्न असा आहे : मुंबईतल्या जुन्या कापडगिरण्यांच्या पट्ट्याला गिरण्यांचं गाव म्हणायचं तर शब्द ‘गिरणीगाव’ हवा, मग ‘गिरणगाव’ ही रूढ झालेली चूक आहे का? आणि मुंबईच्या ऐन मध्यावर ‘गाव’ कसं काय?

पहिल्या भागाचं उत्तर सोपं आहे. चूक अजिबात नाही. मराठीत ईकारान्त शब्द समासात आधी आला की त्याची ‘ई’ पुष्कळदा गळते. पाणी, पण पाणवठा, पाणबुडी, पाणकोंबडी. लोणी, पण लोणकढं तूप. गाडी, पण गाडवाट. त्याच वळणाने गिरणी, पण गिरणगाव. हा शब्द कुणी व्याकरण उघडून बनवलेला नसावा, जिभेनेच घडवलेला वाटतो, म्हणून तो इतका नेटका उतरला आहे. ‘गिरणी कामगार’ किंवा ‘गिरणीमालक’ यांत ‘ई’ टिकते, कारण तिथे दोन्ही शब्द आपापल्या पायावर उभे आहेत. ‘गिरणगाव’मध्ये ते एकजीव होऊन विशेषनाम झालं आहे. शिवाय नायगाव, माझगाव, गिरगाव ही नावं शेजारीच असताना कानालाही तोच ठेका सवयीचा होता, असं मला वाटतं.

गिरगावाचा विषय निघालाच आहे, तर एक खुलासा. गिरगाव आणि गिरणगाव एक नव्हेत. बातम्यांत, मथळ्यांतसुद्धा ही गफलत दिसते आणि दर वेळी खटकते. गिरगाव चौपाटीजवळचं. गिरणगाव म्हणजे लालबाग, परळ, लोअर परळ, चिंचपोकळी, करी रोड, शिवडी, नायगाव, वरळी, प्रभादेवी, भायखळ्यापर्यंतचा पट्टा. या नावाचं स्टेशन नाही, पालिकेचा विभागही नाही. पालिकेच्या लेखी तो ई, एफ दक्षिण, जी दक्षिण असा विखुरलेला. तरी मराठी माणसाला त्याची हद्द बरोबर कळते. ‘गिरणगांव’ असं अनुस्वार देऊन लिहिलेलं दिसलं तर ते १९६२च्या लेखननियमांआधीचं वळण समजावं. आज ‘गाव’ लिहितात.

आता ‘गाव’. खरी चर्चा इथेच आहे.

इंग्रजीत याचं भाषांतर ‘व्हिलेज’ असं करतात, आणि तिथेच अर्थ निसटतो. आपण ‘बाहेरगावी गेलेत’ म्हणतो तेव्हा माणूस दिल्लीलाही गेलेला असू शकतो. मराठीत गाव हे शहराच्या उलट टोकाला नसतं. जिथे माणसं वस्ती करून राहतात आणि एकमेकांना ओळखतात, ते गाव. १८५४ साली कावसजी दावर यांनी ताडदेवला कापडगिरणीची कंपनी काढली, १८५६ मध्ये गिरणी सुरू झाली, आणि पुढे या पट्ट्यात चिमण्यांची रांगच उभी राहिली. त्यांच्या आसऱ्याने रत्नागिरी, सातारा, सांगली, कोल्हापूरहून माणसं आली. आली ती एकेकटी नाही आली. आधी आलेल्या गावकऱ्याचा हात धरून आली.

म्हणून गाव चाळीत खोलीखोलीने वसलं. त्या खोलीला ‘गाळा’ म्हणत. एका गावाचा एक गाळा, आणि त्यात त्याच गावचे पंधरा-वीस पुरुष. माझे मामा अशाच एका गाळ्यात राहिले. भिंतीला खुंट्यांची ओळ, प्रत्येकाची एक खुंटी. फळीवर पत्र्याच्या ट्रंका. वळकट्या एकावर एक रचलेल्या. पहिल्या पाळीचा माणूस भोंग्याला उठून गेला की त्याच जागेवर रातपाळीवाला येऊन आडवा व्हायचा. जेवण खानावळीत. खानावळ चालवणारी बाई बहुधा कामगाराचीच बायको, आणि हिशोब महिन्याचा, पगार झाल्यावर. मामांचा सारखा खाडा झाला तर त्याची खबर कोकणात आईपर्यंत पोचायची, कारण गाळ्यातलं कुणी ना कुणी सुट्टीवर जाणारं असायचंच. ‘गाव’ या शब्दाला यापेक्षा चोख अर्थ कुठला हवा?

आणि तरीही, मामांच्या तोंडून ‘गिरणगाव’ हा शब्द मी एकदाही ऐकलेला नाही. ते म्हणायचे, ‘लालबागला राहतो’, ‘डिलाईल रोडला जाऊन येतो’. (त्या रस्त्याला ना. म. जोशी मार्ग नाव मिळून किती काळ लोटला, पण जुन्या माणसांच्या जिभेवर डिलाईल रोडच.) ‘गाव कुठलं?’ विचारलं की उत्तर तालुक्यासकट यायचं, त्यात परळ नसायचं. ‘गावाला चाललो’ म्हणजे बोट, नाहीतर एसटी. गिरणगाव हा शब्द मला भेटला तो वर्तमानपत्रांत, सभांच्या भाषणांत, कथा-कवितांत. आत राहणाऱ्यांचे शब्द वेगळे होते : सूत काढायचं ते त्रासन खातं, कापड विणायचं ते साचेखातं, कायम न झालेला तो बदली, बायांवरची मुकादमीण ती नाईकीण. आणि ‘गिरणी’ एवढाच शब्द कापडगिरणीला पुरायचा. दळणासाठी मात्र मुद्दाम ‘पिठाची गिरणी’ म्हणावं लागे. मामांच्या गावात नेमकं उलट होतं, तिथे नुसती गिरणी म्हणजे पिठाची.

शेवटचा उपप्रश्न : गिरण्या गेल्या, मग शब्द वापरावा का? १८ जानेवारी १९८२ला कामगारनेते दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. १९९१च्या विकास नियमावलीने गिरण्यांच्या जमिनी खुल्या होण्याची वाट काढली, आणि आज लोअर परळच्या टॉवरांच्या जाहिरातीत ‘अपर वरळी’ असं लिहिलेलं असतं. त्या नावाला या मातीत काहीच मूळ नाही, म्हणून मला ते बोचतं. ‘गिरणगाव’ वापरावा, बिनदिक्कत वापरावा, तोही वर्तमानकाळात. गणपतीत चिंचपोकळी, गणेशगल्ली, लालबाग अशी रांग लागते तेव्हा ‘गिरणगाव गजबजलं’ असाच मथळा येतो आणि तो बरोबर असतो. आणि उरलेल्या जुन्या चाळींत कधी गेलात तर दारांवरच्या पाट्या वाचा. पाटीवर आधी गावाचं नाव असतं, मग ‘ग्रामस्थ मंडळ’, आणि कंसात ‘मुंबई’.