मिठाचा गोळा टाका, उकडीचा द्या

प्रश्न : ताई, माझा मुलगा १४ महिन्यांचा आहे. हाती लागेल ते आधी तोंडात घालतो. विकतची क्ले द्यायची भीती वाटली म्हणून व्हिडिओ बघून घरीच केली : एक वाटी मैदा, अर्धी वाटी मीठ, अर्धी वाटी पाणी आणि चमचाभर तेल. त्यानं ती चाटली, एक तुकडा गिळला आणि मग संध्याकाळपर्यंत सारखं पाणी मागत राहिला. आता बरा आहे. पण सगळं घरचंच सामान होतं, मग चुकलं काय? शिवाय सासूबाई म्हणतात, अन्नाशी खेळू देऊ नये. त्यांना काय सांगू?
– एक आई, नाशिक

उत्तर : तो गोळा अजून डब्यात असेल तर हे पत्र खाली ठेवून आधी तो टाकून या. मग पुढचं वाचा.

सामान घरचंच आहे, पण प्रमाण बघा. या मापानं केलेल्या गोळ्यात वजनाचा तिसरा हिस्सा किंवा थोडं जास्तच नुसतं मीठ असतं. म्हणजे सुपारीएवढा तुकडा पोटात गेला तरी अर्धा चमचा मीठ गेलं. मोठ्या माणसानंसुद्धा दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे जेमतेम एका चहाच्या चमच्यापेक्षा, कमी मीठ खावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तुमच्या बाळाचं वजन किती, त्याची मूत्रपिंडं केवढीशी! रक्तात सोडियम वाढलं की पहिली लागते ती तहान. तो पाणी मागत होता ते उगीच नव्हे. पुन्हा कधी असं झालं आणि उलट्या, चिडचिड किंवा सुस्ती दिसली, किंवा मोठा तुकडा गिळलेला असला, तर घरी ओकारी काढत बसू नका, थेट डॉक्टरांकडे न्या.

हे मी एवढ्या कळकळीनं लिहिते, कारण मीही हे केलं आहे. २६ वर्षं मी बालवाडी चालवली. सुरुवातीची काही वर्षं माझ्याही कपाटात मीठ-मैद्याचे रंगीत गोळे असायचे. मीठ घातलं की ते महिनाभर टिकतात, एवढंच कारण. एकदा हात धुवायच्या गडबडीत अडीच वर्षांच्या एका मुलीनं लिंबाएवढ्या गोळ्यातला अर्धा खाल्ला. तिच्या आईबरोबर रात्री नऊपर्यंत मी दवाखान्याच्या बाकावर बसून होते. पोर सुखरूप घरी गेली. दुसऱ्या दिवशी मी सगळे डबे रिकामे केले. ज्या गोळ्याला महिनाभर टिकायचं आहे, तो तोंडात घालणाऱ्या मुलासाठी नाही, हे मला त्या बाकावर कळलं.

त्यानंतर मी मोदकाची उकड द्यायला लागले. ती पूर्ण शिजलेली असते, मऊ असते, आणि कोमट असताना तिचा स्पर्श मुलांना फार आवडतो. एक वाटी पाणी चमचाभर तेल घालून उकळा. मीठ घालू नका. खळखळ उकळी आली की एक वाटी तांदळाची पिठी घाला, उलथन्याच्या टोकानं भराभर ढवळा, गॅस बारीक करून झाकण ठेवा आणि दोन चांगल्या वाफा येऊ द्या. परातीत काढून आधी वाटीच्या बुडानं रगडा, मग पाण्या-तेलाचा हात लावून मळा. आंबेमोहोर किंवा इंद्रायणीची ताजी पिठी असेल तर गोळा चिकट, लवचिक होतो. जुन्या, कोरड्या तांदळाच्या पिठीला चिरा पडतात. वरून गार वाटली तरी उकड आतून कढत राहते, म्हणून गोळा मोडून आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा. ओल्या फडक्याखाली ठेवा, नाहीतर लगेच सुकते.

रंगासाठी साध्या पाण्याऐवजी बीट उकळलेलं पाणी घ्या, किंवा पालक वाटून गाळून घ्या, किंवा चिमूटभर हळद. हळद लागलेला अंगरखा धुऊन उन्हात टाका, डाग बराचसा उडतो. बिटाचा गोळा थोडा पोटात गेला तर शी लालसर होऊ शकते. माझ्याकडे दोन आया त्यावरून रडत आल्या होत्या, म्हणून आधीच सांगून ठेवते. वासासाठी वेलदोड्याची पूड घाला. मध घालू नका. वर्षाच्या आतल्या बाळाच्या तोंडी तर मध कणभरही जाता कामा नये, त्यातल्या जिवाणूंनी बोट्युलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो. शेंगदाण्याचा किंवा बदामाचा कूट घालून केलेले गोळेही व्हिडिओत दिसतात. घरात कुणाला अ‍ॅलर्जी असेल, किंवा बाळानं ते पदार्थ अजून खाल्लेलेच नसतील, तर त्या वाटेला जाऊ नका.

१४ महिन्यांचं मूल काही आकार करणार नाही. ते बोट खुपसेल, ओढेल, परातीवर आपटेल, चाटेल. तेवढंच त्याचं काम आहे आणि ते पुरेसं आहे. तुम्ही समोर बसा, उठू नका. उकड चिकट असते, मोठा घास घशात अडकू शकतो, म्हणून सुटे लहान गोळे करून देऊ नका, एकच मोठा गोळा पुढे ठेवा. डोळे लावायला चणे, वाटाणे, साबुदाणा नकोच. नाकात गेलेला वाटाणा फुगतो, आणि तो काढायला काय होतं ते मी बघितलं आहे. १५ मिनिटांत त्याचं मन भरेल.

आता सासूबाई. त्यांचं मला अर्धं पटतं. खाली सांडलेला भाताचा दाणाही उचलायचा, अशा घरात मी वाढले. दोन-दोन किलो तांदूळ रंगवून टबात ओतायचे आणि खेळून झाल्यावर फेकायचे, हे मी बालवाडीत कधी होऊ दिलं नाही. पण आषाढी अमावास्येला आपण गूळ घालून कणकेचे दिवे करतो, वाफवतो, पेटवतो आणि तुपाबरोबर खातो. ते करताना पाटाशी बसलेल्या मुलाच्या हातात आजीच चिमटीभर कणीक देते. तुमच्या सासूबाईंनीही दिली असेल. त्यांना एवढंच सांगा की वेगळं काही करत नाही. मोदक किंवा उकडीच्या भाकरी होतील त्या दिवशी एक गोळा बाळासाठी बाजूला काढू, आणि उकड तुम्हीच काढून द्या. त्यांच्या हातची उकड तुमच्या-माझ्यापेक्षा मऊ होईल.

पोळ्यांच्या वेळची कच्ची कणीक मात्र वेगळी. मूल मागतंच, आणि एखाद्या वेळी जिभेला लागली तर घाबरू नका. पण कोणतंही पीठ कच्चंच असतं, त्यात पोट बिघडवणारे जंतू असू शकतात. खेळायला म्हणून रोज कच्चा गोळा देऊ नका.

प्रश्न : माझी नात ४ वर्षांची आहे. तिला बाजारची क्ले चालेल का? डब्यावर ‘बिनविषारी’ लिहिलंय.
– एक आजोबा, मिरज

उत्तर : तोंडात घालायची सवय सुटली असेल तर चालेल. पण बिनविषारी म्हणजे खाण्याजोगी नव्हे. शिवाय प्ले-डोसारख्या क्लेमध्ये गहू असतो, तेव्हा गव्हाची अ‍ॅलर्जी असलेल्या मुलाला ती देऊ नका. आणि आजोबा, नातीला एक गंमत दाखवा. हळदीच्या गोळ्यावर चिमूटभर खायचा सोडा टाकून ओल्या बोटानं मळा, लालसर होईल. त्यावर लिंबू पिळा, परत पिवळा. हा गोळा खायचा नाही, एवढं आधी सांगून ठेवा.

जाता जाता, पहिल्या पत्रातल्या आईसाठी : खेळलेला गोळा फ्रिजमध्ये ठेवून उद्या परत देऊ नका, झाडाच्या मातीत टाका. हात न लागलेली पांढरी उकड उरली तर त्यात हिरवी मिरची, जिरं, मीठ, कोथिंबीर घालून मळा, चपट्या थापून वाफवा. आमच्याकडे त्यांना निवगऱ्या म्हणतात. गरम असतानाच वर कच्चं तेल घालून खायच्या.